पाळीव प्राणी : हो / नाही

फॉर्ममध्ये दोनच चौकटी आहेत.
'बघू' म्हणायला तिसरी नाही.
एम्रिस चहा ओततो, म्हणतो,
कर एकदाची खूण कुठेतरी,
नोव्हेंबर उघडा पडलाय.

पडलाय खरा.
बावीस रात्री कोऱ्या,
आणि वारा समुद्रावरून सरळ येऊन गोठ्याच्या दारावर आपटतो.
गोठा म्हणायचं नाही आता.
जिथे एम्रिसच्या बापाच्या गाई रवंथ करत उभ्या राहायच्या
तिथे सायीच्या रंगाचा सोफा आहे,
त्याचे चौदा हप्ते बाकी.

दर तिसरं पत्र कुत्र्याचं.
आमची फार शहाणी.
आमच्याचे केस गळतच नाहीत.
आमचा तर स्वतःला माणूसच समजतो –
तीच तर भीती.
माणसं पाहिलीत मी.
जुलैत बर्मिंगहॅमहून चौघं आली, कुत्र्याबित्र्याविना,
पांढऱ्या टॉवेलनं चिखलाचे बूट पुसले
आणि किटलीत खेकडा उकडला.
किटली फेकली, वास राहिला.
त्यांच्यासाठी कुठली चौकट?

पण मग गेथिन आठवतो.
आमच्या भिंतीपलीकडे त्याच्या चाळीस मेंढ्या.
दोन वर्षांमागे, मार्चमध्ये,
खालच्या कॅरव्हानवाल्यांचा सेटर सुटला,
दिसायला देखणा, तांबूस, लाडावलेला.
मी बॅटरी धरून उभी होते.
मेंढी विण्याला चार दिवस राहिले होते.
गेथिन कुणाला काही बोलला नाही.
टोपी काढून तिच्या तोंडावर ठेवली,
थोड्या वेळानं उचलून पुन्हा डोक्यावर घातली,
कारण पाऊस होता.

त्या रात्री मी 'नाही'वर खूण केली होती.
एम्रिसनं दोन हिवाळे तोंडातून शब्द काढला नाही,
फक्त वीजबिल टेबलावर उघडं ठेवायचा.

आज मर्थरहून कुणी मिस्टर प्रॉसर.
त्यांनी परवानगी मागितलेलीच नाही.
विचारलंय : जिन्याला पायऱ्या किती?
कुत्री शर्यतीची होती, आता निवृत्त,
पायऱ्या तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या, घाबरते.
मी उचलून नेतो,
पण गुडघा आता माझाही ऐकत नाही,
तेव्हा सात-आठपर्यंत जमेल.

नऊ वर्षं झाडतेय तो जिना,
आकडा माहीत नव्हता.
झाडू नाही, फडकं नाही, अशी रिकाम्या हातानं गेले
आणि मोठ्यानं मोजल्या.
अकरा.
खाली उतरताना पुन्हा अकरा.

मग तशीच गेथिनकडे.
तो फाटकात उभा, खिशात सुतळी, तोंडात खिळा.
शर्यतीची? म्हणाला.
खिळा काढून हातात घेतला.
म्हणजे माझी म्हातारी मेंढी दोन उड्यांत गाठेल.
मी मान हलवली.
समुद्राकडे बघत तो म्हणाला,
नोव्हेंबरात कळप खालच्या कुरणात असतो.
पट्टा सोडायचा नाही म्हणावं.
आणि तुझ्या फाटकाची कडी,
ती आधी बदल, हेउल्वेन,
कुत्र्यापेक्षा मला तिचा भरवसा नाही.

घरी येऊन लिहिलं :
पायऱ्या अकरा, पण सोफा उघडतो,
तुम्ही दोघं खालीच झोपा.
फेब्रुवारी ते एप्रिल मात्र
कुत्र्यांना बंद, कितीही शहाणी असोत.
हे शेवटचं त्यांना लागू नव्हतं,
तरी लिहिलं.

'हो'वर खूण केली.
सोफा? एम्रिसनं विचारलं.
घोंगडी टाकू, म्हटलं.
कुठली?
त्यावरून थोडं भांडलो.

कडी नवी आहे, पितळी,
वाऱ्यात किणकिण वाजते.
रात्री दोनदा उठून
बॅटरी घेऊन पाहून आले.
मिस्टर प्रॉसर यायला
अजून नऊ दिवस आहेत.